कपात कोण सुचवणार?

विधिमंडळाचं कुठलंही अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात. मुंबईत अधिवेशन असेल तर सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात असेल तर रामगिरीवर. विरोधक जात नाहीत. ‘चहापानावर विरोधकांचा बहिष्कार’ ही बातमी इतकी ठरलेली आहे की वर्तमानपत्रांनी तिचा साचा करून ठेवला असावा, फक्त तारीख आणि नावं बदलायची. भाजप विरोधात होता तेव्हा भाजपने बहिष्कार टाकला, आता महाविकास आघाडी टाकते. चहा तोच, कप तेच, न पिणारे बदलतात.

चहाऐवजी दोन पत्रकार परिषदा होतात. दुपारी विरोधक मुख्यमंत्र्यांना लिहिलेलं पत्र वाचून दाखवतात: शेतकरी कर्जमाफी, सोयाबीन-कापसाचे भाव, रिक्त पदांची भरती, कायदा-सुव्यवस्था. संध्याकाळी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री रांगेत बसून सांगतात की विरोधकांकडे मुद्दे उरलेले नाहीत, सरकार सगळ्या विषयांवर चर्चेला तयार आहे आणि कुठलीही योजना बंद होणार नाही. या दोन्ही पत्रकार परिषदा मी गेली काही वर्षं मोबाइलवर नेमाने बघतो. (होय, असेही छंद असतात.) अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी त्यांत ‘प्राधान्य’ हा शब्द हमखास येतो. शेतकऱ्यांना प्राधान्य, महिलांना प्राधान्य, युवकांना प्राधान्य, पायाभूत सुविधांना प्राधान्य. एकदा तरी कोणीतरी पुढचं वाक्य बोलेल म्हणून मी वाट बघतो: मग मागे काय ठेवायचं? हे वाक्य आजवर ऐकायला मिळालेलं नाही. ना या बाजूने, ना त्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी कोणतं काम आधी घ्यायचं याची बैठक होते आणि प्रत्येक जण आपलं काम ‘पी-झीरो’ आहे, म्हणजे सगळ्यात तातडीचं आहे, असं सांगतो. बरा मॅनेजर असेल तर तो एकच प्रश्न विचारतो: ठीक आहे, यासाठी काय मागे सारू? खोलीत शांतता पसरते आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. सात लाख कोटींच्या राज्यात हा प्रश्न विचारायची जागा विधानसभा आहे. तिथे तो कोणी विचारत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आणि ही तक्रार हवेतली नाही, कारण राज्यघटनेने आमदाराला अर्थसंकल्पाबाबत नेमका हाच अधिकार दिलेला आहे. अनुच्छेद २०३ वाचा. अवघड नाही, अर्धं पान आहे. सरकार खात्याखात्याच्या अनुदानाच्या मागण्या सभागृहापुढे ठेवतं. विधानसभा तीन गोष्टी करू शकते: मागणी मंजूर करायची, नामंजूर करायची किंवा तिच्यातली रक्कम कमी करून मंजूर करायची. वाढवायचा अधिकार नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या मर्जीशिवाय, एकही मागणी मांडता येत नाही. व्याजावरचा खर्च तर ‘भारित’ असतो; त्यावर बोलता येतं, मत देता येत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात व्याजाची ही रक्कम ६४ हजार कोटींच्या वर होती. पगार आणि निवृत्तिवेतनं धरली तर महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा आधीच बांधलेला असतो. उरलेल्यावर आमदाराच्या हातात पेन्सिल नाही, फक्त खोडरबर आहे.

आता आपले आमदार काय करतात ते बघा. सभागृहातलं कुठलंही अर्थसंकल्पीय भाषण काढा. ‘माझ्या मतदारसंघातल्या अमुक रस्त्याला, तमुक उपसा सिंचन योजनेला, उपजिल्हा रुग्णालयाला निधी द्यावा.’ म्हणजे जो अधिकार घटनेने दिलेला नाही तो भाषणभर मागायचा आणि जो दिलेला आहे तो वापरायचा नाही. कपात सूचना नावाचं एक हत्यार नियमांत आहे. संसदीय परंपरेत धोरणाला विरोध दाखवायला मागणीची रक्कम एक रुपयापर्यंत खाली आणायची, एखाद्या गाऱ्हाण्यासाठी तिच्यात शंभर रुपयांची कपात सुचवता येते. तशा सूचना ढिगाने दिल्या जातात आणि त्या मागे घेतल्या गेल्या की नामंजूर झाल्या हे कोणी विचारतही नाही. शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. नाव फ्रेंच आहे, पण मुंडकं इथे चर्चेचं उडतं. अध्यक्ष वाचतात, ‘होय’चा आवाज येतो, हजारो कोटी पुढे सरकतात.

रस्त्याचा निधी मग कुठे मिळतो? मंत्र्यांच्या दालनात. शिवाय प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतोच. २०२२ साली तो तेवढा झाला. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ धरले तर होतात १,८३० कोटी. सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात दर शंभर रुपयांतले २६ पैसे. त्या २६ पैशांतून बांधलेल्या सभामंडपावर, ओपन जिमवर आणि हायमास्ट दिव्यावर आमदाराचं नाव असतं. उरलेल्या ९९ रुपये ७४ पैशांवर त्याचं मत काय होतं, हे त्याच्या मतदाराला माहीत नसतं. बऱ्याचदा त्यालाही नसतं.

पण थांबा, हे सगळं मार्चमधल्या अर्थसंकल्पाबद्दल झालं, आणि महाराष्ट्राचा खरा अर्थसंकल्प मार्चमध्ये ठरतच नाही. तो पुरवणी मागण्यांमध्ये ठरतो.

पुरवणी मागणी म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकारने सभागृहाला सांगायचं की अमुक खात्याला दिलेले पैसे पुरत नाहीत किंवा तमुक खर्च आधी माहीत नव्हता, तर जास्तीची परवानगी द्या. अनुच्छेद २०५ मध्ये ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला तो मार्चमध्ये कोणाला दिसणार होता? सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं मदत पॅकेज जाहीर केलं आणि त्यासाठीचा पैसा डिसेंबरच्या पुरवणीत मागितला. मदत पुरेशी होती का, वेळेत पोचली का, हा वेगळा वाद. पण पुरवणी नावाची सोय अशाच दिवसासाठी आहे, हे मान्य.

आता २०२४ सालात या. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प मांडला होता. २८ जूनला अजित पवारांनी ६,१२,२९३ कोटींचा पूर्ण अर्थसंकल्प मांडला आणि भाषणात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली: २१ वर्षांवरच्या पात्र महिलांना महिना १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटी. त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी, ९ जुलैला, त्याच अर्थमंत्र्यांनी त्याच सभागृहात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. त्यातले २६ हजार कोटींहून अधिक महिला व बालविकास खात्यासाठी होते, म्हणजे मुख्यतः याच योजनेसाठी.

अकरा दिवस. या अकरा दिवसांत पूर आला नव्हता, भूकंप झाला नव्हता, शेजारच्या राज्याने आक्रमण केलं नव्हतं. जे २८ जूनच्या भाषणात होतं ते २८ जूनच्या आकड्यांत का नव्हतं? कारण आकड्यांत असतं तर त्याच दिवशी तूट फुगलेली दिसली असती, आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा योजनेचा न होता तुटीचा झाला असता. आज टाळ्या घेतल्या, बिल अकरा दिवसांनी आणलं. अर्थसंकल्पाच्या साडेपंधरा टक्के रक्कम दोन आठवड्यांच्या आत ‘आधी माहीत नव्हती’ म्हणून वाढवून घेणं ही तांत्रिक बाब नाही. ही सभागृहाची थट्टा आहे, आणि सभागृहाने ती हसून घेतली.

त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला आणखी ३५,७८८ कोटी. मार्च २०२५ मध्ये आणखी ६,४८६ कोटी. एकूण १,३७,१६३ कोटी, मूळ अर्थसंकल्पाच्या बावीस टक्के. पुढचं वर्ष वेगळं गेलं म्हणता? २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा. जूनअखेर पुरवणी ५७,५०९ कोटींची, डिसेंबरात ७५,२८६ कोटींची. ही डिसेंबरची रक्कम ज्या नागपूर अधिवेशनात मांडली गेली ते एका आठवड्याचं होतं. नागपूर करारामुळे वर्षातून एकदा सगळं सरकार उपराजधानीत जातं, हुरडा पार्ट्या होतात, विदर्भाच्या अनुशेषावर भाषणं होतात, आणि जाता जाता पाऊण लाख कोटी मंजूर होतात. शिवाय त्या अधिवेशनात दोन्हीपैकी एकाही सभागृहात विरोधी पक्षनेता नव्हता. सत्ताधारी आमदार दोनशे तीसच्या आसपास, विरोधकांचे तीन मोठे पक्ष मिळून पन्नाशीच्या आत.

मजेची गोष्ट अशी, की एवढं पुरवण्या जोडून घेतलेलं सगळं खर्च होतंच असं नाही. मूळ तरतूदसुद्धा पुरती खर्च झाली नसताना पुरवणी कशाला मागितली, हा शेरा कॅगच्या राज्य वित्त अहवालांत वर्षानुवर्षं असतो. आणि कॅगचा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडला जातो, म्हणजे वाचून बोलायची सोय नको.

हे वाचताना तुम्हाला वाटेल, लेखक लाडक्या बहिणीच्या विरोधात आहे. नाही. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात कधी पैसे जमा झाले नव्हते तिच्या खात्यात थेट दीड हजार येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ‘आमच्या करावर फुकटे पोसता’ म्हणणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांशी माझं जमत नाही. माझ्याच वयाचे, माझ्याच पगाराचे लोक हे बोलतात. त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की शक्तिपीठ महामार्गाला तुम्ही रेवडी का म्हणत नाही? मूळ आखणीनुसार ८०२ किलोमीटर, अंदाजे ८६ हजार कोटी. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी मंजूर केले. वित्त विभागाने कर्जाच्या बोज्याबद्दल इशारा दिल्याच्या बातम्या त्याच वेळी छापून आल्या होत्या. कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी ‘आम्हाला नको’ म्हणून रस्त्यावर होते. हा रस्ता आधी की मराठवाड्याचं पाणी आधी, यावर विधानसभेत आकडे घेऊन वाद झाला असता तर मी सुट्टी काढून बघितला असता. बाई दीड हजार मागते तेव्हा तिजोरी आठवते आणि डांबर लाखभर कोटी मागतं तेव्हा विकास आठवतो, याला आर्थिक शिस्त म्हणत नाहीत.

माझा राग योजनेवर नाही, तिच्या हिशेबाच्या पद्धतीवर आहे. एक सोपं गणित करू. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटी ठेवले. एका महिलेला वर्षाला १८ हजार रुपये. ३६ हजार कोटी भागिले १८ हजार म्हणजे बरोबर दोन कोटी महिला. तेव्हा लाभ घेणाऱ्या महिला होत्या जवळपास दोन कोटी चाळीस लाख. काही लाख महिलांना शेतकरी सन्मान योजनेमुळे पाचशेच मिळतात, तो फरक धरला तरी गणित जुळत नाही. म्हणजे अर्थसंकल्प छापतानाच त्यात एक न बोललेलं वाक्य होतं: तीस-चाळीस लाख महिला आम्ही कमी करणार आहोत, किंवा वर्षाच्या शेवटी पैसे कमी पडणार आहेत. यातलं कोणतं? हा भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत होतो. २८८ पैकी कोणी उठून तो केला आणि उत्तर मिळेपर्यंत मागणी अडवून धरली, असं झालं नाही. निवडणुकीत कबूल केलेल्या २,१०० रुपयांचं काय झालं, हे मात्र खूप जणांनी विचारलं. तो वाढवायचा प्रश्न होता ना.

उत्तर डिसेंबरात आलं. पुरवणी मागण्यांत लाडक्या बहिणीसाठी सुमारे ६,१०० कोटी. ३६ हजारांत मिळवा, १८ हजाराने भागा: दोन कोटी चौतीस लाख. म्हणजे मार्चचा आकडा मार्चमध्येच खोटा पडलेला होता. मधल्या काळात अर्जांची छाननी झाली, ई-केवायसीच्या रांगा लागल्या, सर्व्हर बंद पडले, ओटीपी येईनात, ज्या बायकांचे वडील आणि नवरा दोघेही हयात नाहीत त्यांनी कोणाचा आधार क्रमांक टाकायचा हे कोणाला कळेना. अपात्रांना वगळायला माझा विरोध नाही. पण किती वगळायचे हे आधी ठरवून तिजोरीत तेवढेच पैसे ठेवायचे आणि चाळणी नंतर लावायची, हा उलटा प्रवास आहे. त्या चाळणीची भोकं किती मोठी असावीत हे सभागृहात ठरायला हवं होतं. ते वेबसाइटवर ठरलं.

कपात तर होतच असते, हे लक्षात घ्या. कपात कोणी सुचवत नाही म्हणजे ती होत नाही असं नाही. फक्त तिच्यावर मतदान होत नाही.

मे २०२५ मध्ये एका महिन्याच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख महिला व बालविकास विभागाकडे गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचा खुलासा असा, की हे वळवणं नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांना मिळणारा लाभ त्या त्या विभागाच्या लेखाशीर्षाखाली दाखवावा लागतो, नियमच तसा आहे. हा खुलासा शंभर टक्के खरा धरू. मग हे सगळं मार्चच्या पुस्तकांत छापलेलं होतं. त्यावर मंत्रिमंडळाची संमती होती, सभागृहाचं मत पडलं होतं. आणि त्या खात्याच्या मंत्र्यांना आश्चर्य वाटलं मे महिन्यात. मंत्र्याची ही अवस्था, तर मागच्या बाकावर पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराने ती मागणी कशी वाचली असेल? वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मागासवर्गीय मुलांना आपल्या खात्याचा पैसा कुठे गेला हे विचारायला कोणती खिडकी आहे?

दुसरी कपात त्याहून गुपचूप झाली. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला होता, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. चांगली योजना होती की निवडणुकीची पिशवी, यावर दोन मतं असू शकतात. २०२५ चे सण तिच्याविना गेले. निधीची अडचण खुद्द अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी बोलून दाखवली. योजना बंद केली असं कोणी जाहीर केलं नाही, ठराव नाही, चर्चा नाही. ती फक्त आली नाही. रेशन दुकानासमोर पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला कळलं, तीच त्याची सूचना. त्याच वर्षी कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी राज्यभर आंदोलनं करत होत्या. ही पण कपातच. फक्त सरकारने खर्च कमी केला नाही, दुसऱ्याच्या खिशातून उधार चालवला.

हे घडतं कसं? सभागृहाने मंजूर केलेली रक्कम म्हणजे खर्चाची वरची मर्यादा, खर्चाचं वचन नव्हे. विधानसभेत शंभर रुपये मंजूर झाले तरी वित्त विभाग संगणक प्रणालीवर साठच सोडू शकतो. ती प्रणाली, तिचं नाव ‘बीम्स’, चांगली चालते. माझा तिच्यावर राग नाही. पण राज्याचा खरा प्राधान्यक्रम म्हणजे त्या प्रणालीत कोणतं बटण आधी दाबलं जातं तो. हप्त्याचं बटण महिन्याच्या महिन्याला, बिलाचं बटण जमेल तेव्हा. तो क्रम कोणी निवडून दिलेला माणूस सभागृहात उभा राहून मांडत नाही. त्याचं समर्थन करावं लागत नाही, त्यामुळे त्याचा विरोधही करता येत नाही.

विरोधकांनी यात उड्या माराव्यात असं काही नाही. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने २,१०० म्हटलं तेव्हा महाविकास आघाडीने ३,००० म्हटलं, वर महिलांना मोफत बसप्रवास आणि शेतकऱ्यांना तीन लाखांपर्यंत कर्जमाफी. कुठून आणणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: भ्रष्टाचार थांबवू. भ्रष्टाचार थांबायलाच हवा, पण ते उत्पन्नाचं लेखाशीर्ष नाही. २०२५-२६ अखेर राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा सरकारचाच अंदाज होता, आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची. महसुली तूट म्हणजे घरखर्चासाठी कर्ज. या आकड्यावर विरोधक ‘राज्य दिवाळखोरीत’ म्हणून ओरडतात आणि पुढच्याच परिच्छेदात चार नव्या मागण्या करतात. चहापानाच्या दिवशीचं ते पत्र एकदा या नजरेने वाचा. खर्च वाढवायच्या मागण्या मोजा, मग कमी करायच्या मोजा. दुसऱ्या मोजणीला बोटं लागणार नाहीत.

आपलंही थोडं बोलू. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातलं तुम्हाला काय आठवतं? मला सांगायची गरज नाही: तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात बसलेत आणि मोबाइलच्या पडद्यावर पत्त्यांचा खेळ दिसतोय, तो व्हिडिओ. आपण खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी आमदार निवासाच्या कँटीनमध्ये शिळ्या डाळीवरून झालेली मारहाण. मी दोन्ही व्हिडिओ पाहिले, पुढे पाठवले, मीम्सना हसलो. त्याच अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या होत्या. कोणी त्याचं रील केलं नाही, कारण करता येत नाही: त्या शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये असतात, खात्यांच्या क्रमाने, लेखाशीर्षांच्या आकड्यांत, आणि प्रत्येक मागणीपुढे ‘अतिरिक्त तरतूद आवश्यक आहे’ छापाचं एक ओळीचं कारण. ते तक्ते कॉपी करून एक्सेलमध्ये टाकायला गेलात तर रकाने कोसळतात. ज्या सरकारला दोन कोटींहून अधिक बायकांची ई-केवायसी करता येते, त्याला ही पुस्तकं साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये देता येत नाहीत, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. हे दोन दिवसांचं काम आहे. एका इंटर्नचं.

आता सगळ्यात दमदार आक्षेपाकडे. सत्ताधारी आमदार कपात सुचवणार कसा? मागणीवर सरकार हरलं तर तो अविश्वास समजला जातो, आणि व्हिप मोडला तर दहाव्या अनुसूचीखाली आमदारकी जाते. विरोधकांची संख्या एवढी कमी की त्यांची सूचना पडणारच. मग बोलायचं कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणून तर सभागृहातल्या मतदानाच्या आधीची एक पायरी हवी, जिथे व्हिप नसतो, कॅमेऱ्यासाठी ओरडावं लागत नाही आणि सचिवाला समोर बसवून ‘हा भागाकार करून दाखवा’ म्हणता येतं.

अशी पायरी आपण शोधून काढायची नाही, ती देशात आहे. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. अर्थसंकल्प मांडला की सभागृहाला मधली सुट्टी मिळते आणि त्या काळात सर्वपक्षीय समित्या खात्यांच्या मागण्या तपासतात. केरळात १९८० पासून विषय समित्या आहेत आणि मागण्या मतदानाआधी त्यांच्याकडे जातात. केरळची पद्धत निर्दोष नाही, तिथे समितीचा अध्यक्ष त्या खात्याचा मंत्रीच असतो, म्हणजे पेपर तपासणारा आणि लिहिणारा एकाच बाकावर. संसदेतसुद्धा शेवटी गिलोटिन चालतंच. पण निदान कोणीतरी आधी पान उलटलेलं असतं, आणि अहवाल छापील उरतो. आपल्याकडच्या नावाजलेल्या समित्या, लोकलेखा समिती धरून, मुख्यतः पैसे खर्च झाल्यावर येतात. शवविच्छेदन उत्तम करतो आपण.

या समितीपुढे मी तीनच गोष्टी ठेवायला सांगेन. पहिली, अर्थसंकल्पानंतर तीन महिन्यांच्या आत पुरवणी मागणी आली तर त्या खात्याच्या सचिवाने लेखी सांगायचं की हा खर्च मूळ अर्थसंकल्पात का नव्हता. पूर, दुष्काळ, न्यायालयाचा आदेश असेल तर एक ओळ पुरे. दुसरी, प्रत्येक नव्या मागणीसोबत कोणत्या खात्याचा पैसा सोडायचा थांबणार, याचा तक्ता. तिसरी, रोख लाभाच्या योजनेत लाभार्थींची संख्या आणि तरतूद एकमेकांना भागून दाखवायची. पाचवीच्या मुलाला जमेल असा भागाकार, फक्त वित्त विभागाच्या सहीने.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. सभागृहाच्या कामकाजाचे नियम बदलावे लागतात, आणि अनुच्छेद २०८ नुसार ते बदलायचा अधिकार त्याच २८८ जणांकडे आहे जे अधिवेशनाच्या आदल्या दिवशी चहाला जावं की नाही हे ठरवत असतात.